पेव ढासळतं तसं: जुने काल्डेरा आणि त्यांच्याहून जुन्या चिरा

विट्याच्या एका पोराचा परवा मेसेज आला, बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलंय, दुसरं वर्ष. त्यानं तीन गोष्टी विचारल्यात. एक, सर, काल्डेरा गोल असतो आणि फॉल्ट, म्हणजे जिच्यावर जमीन सरकलीय अशी चीर, सरळ असतो, मग ही दोन नावं सारखी एकत्र का येतात. दोन, फॉल्टमुळं काल्डेरा होतो का काल्डेरा खचल्यामुळं फॉल्ट पडतात. आणि तीन, त्यानं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं की कासचं पठार आणि कोयनेचं खोरं मिळून एका जुन्या महाज्वालामुखीचं तोंड आहे, हे खरं का. माझी तीसेक वर्षं या भागातल्या खडकात गेली, विहिरी, बोअर, धरणांच्या पायाची तपासणी, मधल्या काळात थोडं शिकवणं पण, त्यामुळं प्रश्न वाचून बरं वाटलं आणि दोन ओळीत उत्तर देणं जीवावर आलं. म्हणून त्यालाच उद्देशून सविस्तर लिहितोय.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो म्हणजे डोक्यात किडा राहणार नाही. नाही, ते ज्वालामुखीचं तोंड नाही. आपला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, एकावर एक आडव्या थरांनी पसरलेला, आणि तो एखाद्या डोंगराच्या तोंडातून नाही तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. कासवर वरती जांभा आहे, त्याच्या खाली हेच थर. दऱ्या आहेत त्या नद्यांनी कोरल्यात. पण कोयनेच्या खोऱ्यात फॉल्टची एक खरी गोष्ट आहे आणि ती तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांना थेट लागू पडते, तिच्याकडं शेवटी येतो.

आता काल्डेरा म्हणजे काय ते नीट धरू, कारण निम्मा गोंधळ तिथंच होतो. ज्वालामुखीचं तोंड म्हणजे क्रेटर, तिथनं माल बाहेर पडतो, आकारानं बहुतेक वेळा किलोमीटरच्या आतबाहेर. काल्डेरा म्हणजे तोंड नव्हे, ती खचलेली जमीन. खालचा मॅग्मा, म्हणजे जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक, निघून गेला, आधार गेला, वरचं छत खाली बसलं, तो काल्डेरा. दोन-तीन किलोमीटरपासून ते शंभर किलोमीटरपर्यंत. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये क्रेटर लेक नावाचं तळं आहे, नावात क्रेटर आहे पण आहे तो काल्डेरा, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा पर्वत फुटला आणि आत बसला, आठ बाय दहा किलोमीटरचा खड्डा राहिला आणि त्यात आज ५९४ मीटर खोल पाणी आहे. आणि आपलं लोणार यातलं काहीच नाही, ते उल्केच्या धडकेनं झालेलं विवर आहे, ही तीन वेगळी कुळं आहेत, परीक्षेत पण लोक गल्लत करतात.

तू सांगली जिल्ह्यातला आहेस म्हणून तुला हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं उदाहरण देतो. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि वर मातीचं छत. पेव भरलेलं आहे तोवर छताला खालनं टेका आहे. रिकामं केलं की छत स्वतःच्या जोरावर उभं असतं. २००५ च्या महापुरात तिथल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, माती भिजली, पेवं ढासळली. आता विचार कर, वरच्या मातीत आधीपासून एखादी चीर असेल, उन्हाळ्यात फाकलेली, किंवा जुन्या बांधाची सांध असेल, तर छत कुठं तुटणार. पेवाचा घेर गोल आहे म्हणून ते गोलच तुटायला जाईल पण जिथं चीर आडवी येईल तिथं ते चिरेला धरून तुटेल, कारण नवीन माती फाडण्यापेक्षा जुनी चीर उघडायला जोर कमी लागतो. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, बाकीचं याचाच पसारा.

पण आधी ज्या जमिनीत जुनी चीर नाहीच तिथं काय होतं ते बघ. मी शाळेतल्या पोरांना एक प्रयोग करून दाखवतो, तू पण घरी करू शकतोस. मोठं घमेलं घ्यायचं, त्यात फुगा ठेवायचा, फुग्याला नळी जोडून नळी बाहेर काढायची, वरनं बारीक वाळू आणि थोडं पीठ मिसळून तीन-चार इंचाचा थर दाबून बसवायचा. पीठ घातल्याशिवाय नुसती कोरडी वाळू घसरते, चिरा धरत नाही. मग नळीतनं हवा अगदी हळू सोडायची. आधी मधली जागा परातीसारखी खोलगट होते. मग आतल्या बाजूला एक गोल चीर येते, आणि ती चीर खाली जाताना बाहेरच्या दिशेला कलते, म्हणजे खचणारा तुकडा वरती अरुंद आणि खाली रुंद असतो. अजून हवा गेली की त्याच्या बाहेरनं दुसरी गोल चीर येते, ती आतल्या दिशेला कलते, तिच्यावरनं कडेची वाळू आत घसरते. हीच दोन चिरांची जोडी प्रयोगशाळांतल्या मोठ्या प्रयोगांत दिसते आणि खऱ्या काल्डेरातही सापडते. यांना रिंग फॉल्ट म्हणतात. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं, हो, खचण्यामुळं स्वतःचे फॉल्ट पडतात, आणि ते गोल असतात, फॉल्ट कायम सरळच असतो हे काही खरं नाही.

अजून एक बघायचं, छताची जाडी. फुगा मोठा आणि वरचा थर पातळ असेल तर छत अख्खं एका तुकड्यात खाली बसतं, पिस्टनसारखं. फुगा लहान आणि थर जाड असेल तर छताचे तुकडे तुकडे होतात आणि एकाच्या आत एक चिरा पडत जातात. आता त्याच घमेल्यात हवा सोडायच्या आधी एक पातळ पत्र्याची पट्टी वाळूत उभी खुपसून अलगद काढून घे, म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक कमजोर रेघ तयार होईल. मग हवा सोड. मी हे कितीतरी वेळा केलंय, दरवेळी सारखं येत नाही, पण बहुतेक वेळा खड्ड्याची त्या बाजूची कड सरळ होते, गोलाला एक सपाट बाजू येते, आणि कधी कधी त्या बाजूला जमीन जास्त खाली जाते आणि समोरची बाजू नुसती वाकते, पेटीचं झाकण बिजागरीवर खाली जावं तसं. पुस्तकात याला ट्रॅपडोअर म्हणतात. तुझ्या पहिल्या प्रश्नातला गोल आणि सरळ रेघेचा मेळ हा असा घमेल्यातच दिसतो.

खऱ्या पृथ्वीवर जुने फॉल्ट याच्याही आधीपासून काम करत असतात, म्हणजे छत खचायच्या कितीतरी आधी, मॅग्मा कुठं येऊन थांबणार हे ठरवण्यापासून. मॅग्माला वर यायला वाट लागते आणि साठायला जागा लागते. जमीन ताणली जात असेल, किंवा एक फॉल्ट संपून बाजूला दुसरा सुरू होतो त्या मधल्या टप्प्यावर, किंवा दोन फॉल्ट एकमेकांना कापतात तिथं, कवच मोडकं असतं, जागा होते. कॅलिफोर्नियातला लाँग व्हॅली काल्डेरा, ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा, ३२ बाय १७ किलोमीटर, बरोबर सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याचा फॉल्ट जिथं सरळ न जाता एकदम बाजूला सरकतो तिथं बसलाय. न्यू मेक्सिकोतला व्हॅयेस काल्डेरा रिओ ग्रांदेची खचदरी आणि एक जुनी कमजोर रेघ जिथं भेटतात तिथं. आणि सगळ्यात मोठं उदाहरण सुमात्रामधलं टोबा. ७४ हजार वर्षांपूर्वीचा त्याचा स्फोट, अंदाजे २,८०० घन किलोमीटर माल बाहेर पडला, आणि जो काल्डेरा राहिला तो गोल नाहीच, १०० किलोमीटर लांब आणि ३० रुंद, आणि त्याची लांबी शेजारून जाणाऱ्या सुमात्रा फॉल्टला समांतर. टोबाचं आपल्याशी नातं पण आहे बरं का, पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हाकाठी मोरगावला नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर सापडतो, तो टोबाच्या कुळातला मानतात, मात्र त्याच्या कुठल्या स्फोटाचा यावर अभ्यासकांचा वाद आहे. सुमात्राची राख कऱ्हाकाठी बघायला मिळते, मी पहिल्यांदा ती चिमटीत धरली तेव्हा बराच वेळ तिथंच बसून होतो.

आकाराचा मुद्दा जरा जपून घ्यायचा. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, केनिया-इथिओपियात, काल्डेरांची रांगच आहे आणि त्यातले बरेच लंबगोल आहेत. का लंबगोल, यावर दोन मतं आहेत. एक मत असं की हा ताणाचा परिणाम. तू बोअरच्या कामावर गेलास तर बघशील, खोल बोअरचं भोक गोल पाडलं तरी काही दिवसांत त्याच्या भिंती दोन समोरासमोरच्या बाजूंनी झडतात आणि भोक लांबट होतं, जिकडं आडवा दाब सगळ्यात कमी तिकडं. मॅग्माच्या कोठीच्या भिंती तशाच झडतात, म्हणून काल्डेरा लांबट, असं ते म्हणतात. दुसरं मत असं की खाली खचदरीच्याही आधीच्या जुन्या रेघा आहेत, मॅग्मा त्या रेघेत लांबट साठला, म्हणून छत लांबट खचलं. मला विचारशील तर मी दुसऱ्या बाजूला जास्त झुकतो, कारण नुसत्या ताणानं झालं असतं तर एका भागातले सगळे काल्डेरा एकाच दिशेला लांब दिसायला पाहिजेत, आणि प्रत्यक्षात शेजारशेजारचे पण थोडे वेगळे पडलेले दिसतात. पण नुसता लंबगोल नकाशावर बघून ताणाची दिशा सांगून मोकळं होणारे लोक आहेत, तसं करू नकोस, आधी खालच्या जुन्या खडकातल्या चिरा कुठल्या दिशेला आहेत ते बघ.

आता जुने काल्डेरा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. इथं खरी मजा आहे कारण खड्डा दिसतच नाही. वरचा डोंगर झिजून गेला, तळं गेलं, कडे गेले, कधी कधी जो भाग खाली खचला होता तोच आज डोंगर म्हणून उभा आहे, कारण आत साठलेला खडक कठीण निघाला. मग ओळखायचं कसं. स्कॉटलंडमधलं ग्लेन्को हे याचं आद्य ठिकाण. १९०९ साली क्लफ, मॉफ आणि बेली या तिघांनी तिथल्या डोंगरांचा नकाशा करून सांगितलं की हा लाव्हाचा एवढा मोठा ढीग आजूबाजूच्या जुन्या खडकात गोल फॉल्टवरनं खाली खचलाय. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी, आणि प्राचीन काल्डेरा असा ओळखला गेलेला तो पहिलाच. पुढं कितीतरी वर्षं सगळीकडं तेच चित्र शिकवलं गेलं, गोल रिंग, मधलं बूच खाली, बाजूनं मॅग्मा वर. मी शिकलो तेव्हा पण तेच.

मग १९९० च्या दशकात ग्लेन्कोचं काम पुन्हा झालं, एकेक थर मोजून, आणि चित्र पालटलं. निघालं असं की ते बूच एका दमात खाली गेलेलंच नाही. आधीपासूनच्या सरळ फॉल्टनी त्या जमिनीचे तुकडे केलेले होते, मधून वायव्य-आग्नेय अशी एक खचलेली पट्टी जात होती, आणि प्रत्येक उद्रेकाला वेगवेगळे तुकडे कमीजास्त खाली बसत गेले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्याच पट्टीतून नदी वाहत होती, तिची वाळू-गोटे लाव्हाच्या थरांमध्ये सापडतात. मग पुन्हा उद्रेक, पुन्हा तेच फॉल्ट हलले, पुन्हा नदी. ज्या गोल रिंगेवरनं सगळी कल्पना उभी राहिली होती ती रिंग या गोष्टीत मुख्य नायक राहिली नाही, सरळ फॉल्ट झाले. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या स्कॉफेलला, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या, तुकड्यातुकड्यानं खचण्याचाच प्रकार दिसला. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण नवीन यंत्र आलं म्हणून हे झालं नाही, माणसं पुन्हा पायी फिरली आणि थर पुन्हा मोजले म्हणून झालं.

थर मोजले म्हणजे नेमकं काय केलं ते सांगतो कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर त्यात आहे. प्रश्न कोण आधी आणि कोण नंतर हाच असतो. समज एक फॉल्ट आहे आणि उद्रेकातल्या राखेचा जमलेला थर त्याच्या दोन्ही बाजूला आहे. फॉल्टच्या या बाजूला थर वीस मीटर आणि त्या बाजूला तीनशे मीटर, पण दोन्हीकडं माल तोच, तर फॉल्ट उद्रेक चालू असतानाच हलत होता, खड्डा पडत होता आणि भरत होता. थर दोन्हीकडं सारख्याच जाडीचा आहे पण एक बाजू नुसती खाली सरकली आहे, तर फॉल्ट नंतरचा, त्याचा काल्डेराशी संबंध नाही. आणि खालचा जुना खडक जास्त तुटलाय, वरचा थर कमी तुटलाय, तर फॉल्ट आधीचा होता आणि नंतर पुन्हा जागा झाला. याशिवाय फॉल्टला लागून घराएवढाले दगड राखेत अडकलेले सापडले तर ती कडा उद्रेकाच्या वेळीच ढासळत होती असं समजायचं. आणि फॉल्टमधूनच डाईक, म्हणजे भेगेत शिरून तिथंच गोठलेली मॅग्माची भिंत, वर आला असेल तर मॅग्माला ती वाट तेव्हा मोकळी होती. हे सगळं हातोडी, टेप आणि वहीवर होतं.

यात फसायला पण होतं. खटाव तालुक्यात एका विहिरीच्या जागेसाठी मी गेलो होतो, नाल्याच्या एका बाजूला मांजऱ्या खडकाचा, म्हणजे लाव्हाच्याच एका जातीच्या दगडाचा, जाड थर, दुसऱ्या बाजूला तोच थर एकदम पातळ, मी म्हटलं फॉल्ट आहे, नाल्याच्या कडेनं विहीर घ्या, चिरेतनं पाणी लागेल. पाणी लागलं नाही. शेतकऱ्याचे पैसे गेले, आणि ते मला आजही लागून आहे. नंतर पुन्हा जाऊन बघितलं तर खाली दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा पट्टा नाल्याच्या या काठावर ज्या उंचीला, बरोबर त्याच उंचीला पलीकडच्या काठावर, जरासुद्धा न तुटता. म्हणजे फॉल्ट नव्हताच, तो लाव्हा वाहत आला तेव्हा तिथं आधीचा खोलगट भाग होता, त्यात जास्त साठला. जाडी बदलली एवढ्यावर फॉल्ट म्हणायचं नाही, खालची खुणेची रेघ तुटली का ते बघायचं, हे मी तिथं शिकलो आणि जुन्या काल्डेरात पण हीच चूक होते, राख जुन्या नदीच्या दरीत भरलेली असते आणि लोक तिला खचलेला खड्डा समजतात.

हे सगळं जुन्या दगडावरनं काढलेले अंदाज आहेत असं वाटू शकतं, तर गेल्या काही वर्षांत हे डोळ्यांदेखत पण घडलंय. आइसलँडमध्ये बार्दारबुंगा नावाचा बर्फाखालचा काल्डेरा, २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या खालचा मॅग्मा जमिनीतल्या एका भेगेतनं जवळपास ४८ किलोमीटर बाजूला गेला आणि होलुहरौनला बाहेर पडला, सहा महिने वाहत होता, आणि तेवढ्या काळात इकडं काल्डेराचा तळ हळूहळू ६५ मीटर खाली बसला, कडेच्या जुन्याच रिंग फॉल्टवरनं, भूकंप त्याच रेघांवर होत होते. नंतर २०१८ ला हवाईतलं किलाउआ. मॅग्मा पूर्वेच्या फटीच्या पट्ट्यातनं चाळीसेक किलोमीटरवर जाऊन बाहेर पडायला लागला, ४ मेला डोंगराच्या कुशीत ६.९ चा भूकंप झाला, आणि माथ्यावरचा काल्डेरा उन्हाळाभर ६२ दणक्यांत खाली बसत गेला, काही ठिकाणी ५०० मीटर. म्हणजे माल एकीकडं बाहेर पडतो आणि जमीन दुसरीकडं खचते, आणि दोघांना जोडणारी वाट ही भेग असते. अलास्कात १९१२ ला नोव्हारुप्टाला उद्रेक झाला आणि खचला तो दहा किलोमीटरवरचा काटमाई. जुन्या काल्डेरात जर खचलेला भाग सापडला पण त्याच्या कडेला माल बाहेर पडल्याची जागा सापडत नसेल तर म्हणून लगेच नकार द्यायचा नाही, लांबवर शोधायचं.

फॉल्टचं काम तिथं संपत नाही. काल्डेरा थंड झाल्यावर पण खालच्या उष्णतेनं गरम पाणी याच चिरांतनं फिरत राहतं आणि जाताना धातू ठेवून जातं. अमेरिकेत कोलोराडोच्या सान हुआन पर्वतात सिल्व्हरटन, क्रीड अशा ठिकाणी चांदी-सोन्याच्या खाणी काल्डेरांच्या फॉल्टवर चालल्या, आणि बऱ्याच ठिकाणी तो धातू काल्डेरा झाल्यानंतर लाखो वर्षांनी, काही ठिकाणी तर त्याच्याही कितीतरी उशिरा आलेला आहे, म्हणजे चीर पुन्हा पुन्हा वापरली गेली. आपल्या देशात बघायचं तर राजस्थानात बाडमेरकडं सिवाना आहे, मलानी नावाच्या जुन्या ज्वालामुखी खडकांच्या काळातला, सुमारे ७५ कोटी वर्षांचा, ग्रॅनाइट आणि रायोलाईट या चिकट लाव्हाच्या खडकाची गोलाकार रांग, तिला खचलेला जुना काल्डेरा मानतात, आणि तिथं दुर्मिळ मृदा धातूंचा शोध चालू आहे. आणि जिवंत बघायचा तर अंदमानचं बॅरन बेट, दोनेक किलोमीटरचा काल्डेरा, पश्चिमेची कड फुटलेली आणि मध्ये नवीन शंकू.

आता आपलं कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार एकवीसला भूकंप झाला, ६.३ रिश्टर. मी सात वर्षांचा होतो, पाटणजवळच्या गावी. आजीनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, गोठ्यातली जनावरं ओरडत होती, आणि धुरळ्यानं पहाट उजाडली तरी उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. या कामाकडं मी वळलो त्याचं मूळ तिथं आहे. तेव्हा डोणचीवाड्याकडं जमिनीला उत्तर-ईशान्य दक्षिण-नैऋत्य दिशेला चिरा पडल्या होत्या आणि भूकंपाचा फॉल्ट त्याच दिशेचा निघाला, त्याला आज डोणचीवाडा फॉल्ट म्हणतात. नंतर या भागात खोल बोअर घेतले गेले, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा झाली, आणि २०१७ ला गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाला. तिथं बेसॉल्ट साधारण सव्वा किलोमीटर, आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइट-नीस, अडीच अब्ज वर्षांहून जुना. भूकंप होतात ते त्या खालच्या जुन्या खडकातल्या चिरांवर. वरती काळा दगड ओतला गेला, सगळं झाकलं गेलं, सहा कोटी वर्षं गेली, आणि १९६२ ला धरणात पाणी भरल्यावर त्याच चिरा हलल्या. चीर झाकली म्हणजे मेली असं होत नाही, काल्डेराच्या छतात पण हीच गोष्ट असते, फक्त तिथं खाली पाण्याऐवजी मॅग्माचा दाब कमीजास्त होतो.

मग एवढ्या जुन्या चिरा आणि एवढा लाव्हा असून सह्याद्रीत काल्डेरा का नाही. कारण काल्डेराला नुसत्या चिरा पुरत नाहीत, उथळ आणि रुंद कोठी लागते जी एकदम रिकामी होईल. आपला लाव्हा पातळ, भेगांतनं येऊन पसरत जाणारा, महाबळेश्वर-आंबेनळीच्या जातीचा लाव्हा पार आंध्रात राजमुंद्रीपर्यंत सापडतो. नुसता बेसॉल्ट आहे म्हणून काल्डेरा होत नाही असं मात्र म्हणायचं नाही, किलाउआ बेसॉल्टचाच आहे. मुंबईला मनोरी-गोराईकडं आणि सौराष्ट्रात रायोलाईट-ट्रॅकाईटसारखे चिकट लाव्हाचे खडक आहेत, तिथं असा प्रश्न विचारणं रास्त आहे, साताऱ्यात नाही.

आणि हे मी मनानं सांगत नाही, बोअरनी सांगितलंय. कोयनेत काल्डेरा असता तर काय सापडायला पाहिजे होतं बघ. आत राखेचा शेकडो मीटर जाड थर, कडेला घराएवढ्या दगडांचा चुरा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या ग्रॅनाइटचा माथा आतल्या बाजूला एकदम खाली पडलेला. रासाटीच्या बोअरमध्ये बेसॉल्ट साडेनऊशे मीटरच्या आसपास संपतो आणि गोठण्याला साडेबाराशेला, वरवर वाटतं तीनशे मीटरचा फरक आहे, पण गोठणे उंचावर आहे आणि रासाटी खाली नदीकडं, समुद्रसपाटीपासून हिशोब धरला की ग्रॅनाइटचा माथा दोन्हीकडं जवळपास एकाच पातळीला येतो. खटावच्या तांबड्या पट्ट्यासारखीच ती खुणेची रेघ आहे, आणि ती खचलेली नाही.